पूर्ण एक मिनिट

सोमवार, १ जुलै २०२४

आजपासून 'स्टॉप डायरिया' अभियान. ३१ ऑगस्टपर्यंत चालणार. पूर्वी यासाठी पंधरवडाच मिळायचा. आता दोन महिने दिले ते योग्य झालं, कारण वारणाकाठच्या गावांत पाणी गढूळ व्हायला लागतं तेच जुलैच्या मध्यावर, आणि जुलाबाची मुलं येतात ती त्यानंतर. सकाळी उपकेंद्रात आशाताईंची बैठक घेतली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या याद्या, ओआरएसची पाकिटं, झिंकच्या गोळ्या वाटल्या. झिंकचं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे १० मिलिग्रॅम. सहा महिन्यांपुढं पूर्ण, २० मिलिग्रॅम. आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस द्यायची. आतड्याचं अस्तर भरून यायला तेवढा वेळ लागतो, शिवाय पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता कमी होते. आई मात्र जुलाब थांबले की उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून देते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. मध्येच दारात जाऊन विचारणारं कुणी असलं, तरच सगळ्या गोळ्या पोटात जातात.

दुपारी शेजारच्या उपकेंद्रावर नुकतीच रुजू झालेली समुदाय आरोग्य अधिकारी भेटायला आली. वयानं माझ्याहून बरीच लहान. रजिस्टर कसं ठेवायचं ते विचारायला आले म्हणाली, पण चहा झाल्यावर खरं बोलली. "ताई, मोठ्या माणसांचं बीपी, शुगर सगळं जमतं. तान्हं बाळ घेऊन कुणी आलं की मात्र पोटात गोळा येतो. चुकलं तर सांगायला मागं कुणीच नाही."

तिचं शिक्षण कमी नाही. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं झाली आहेत, तिसऱ्या वर्षी बालआरोग्य परिचर्या हा अख्खा विषय होता. वॉर्डात पाळ्याही केल्या. पण तिथं एका खाटेभोवती दहा विद्यार्थिनी असतात आणि निर्णय डॉक्टरांचा असतो. उपकेंद्रात सुमारे पाच हजारांच्या वस्तीला ती एकटी. हे बाळ घरी पाठवायचं की पुढं, हे तिला ठरवावं लागतं, तेही ते बाळ समोर रडत असताना. २०१८ मध्ये उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं करायचं ठरलं आणि आमची, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची, पदं आली. गेल्या वर्षी पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव आलं. पाटी बदलायला एक रंगारी पुरतो. या मुलीला बाळ तपासताना हात न थरथरण्याइतकं तयार करायला काय लागतं, ते मला या पानांत लिहून ठेवायचं आहे.

तिला म्हटलं, गुरुवारी माझ्याबरोबर चल. या पानांत तिला 'नवी'च म्हणेन.

गुरुवार, ४ जुलै

महिन्यातले दोन गुरुवार मी इचलकरंजीला लहान मुलांच्या ओपीडीत उभी राहते. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आहे आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी शेजारी जागा. कुठल्याही प्रशिक्षणाच्या यादीत हे बसत नाही, प्रमाणपत्रही मिळत नाही. माझ्या नोकरीत मी जे काही शिकले त्यातलं निम्मं या जागेवर शिकले.

इचलकरंजीची ओपीडी म्हणजे यंत्रमाग कामगारांची मुलं. घर सोलापूरकडचं, कर्नाटकातलं, नाहीतर थेट उत्तर प्रदेशातलं. पावसाळ्यात एका खोलीत सगळं कुटुंब, ओले कपडे आतच वाळत टाकलेले, स्वयंपाकही तिथंच. खोकला महिनाभर हटत नाही. अशा पन्नास खोकणाऱ्या मुलांतून न्यूमोनियाचं एक मूल ओळखायचं असतं. स्टेथोस्कोपच्या आधी तिथं घड्याळ लागतं.

मॅडमची पद्धत ठरलेली आहे. आईनं बाळ मांडीवर घेतलं की त्या आमच्याकडं बघतात. "औषधाचं नाव नंतर. हे बाळ घरी जाणार की वॉर्डात? आणि कशावरून?" आम्ही उत्तर दिल्याशिवाय त्या बाळाला हात लावत नाहीत. आम्ही उत्तर दिलं की मग स्वतः तपासतात आणि दोन्हींतला फरक मोठ्यानं सांगतात, आईसमोरच. सुरुवातीला मला संकोच वाटायचा. आता वाटतं, आईलाही त्यातून कळतं की कशाकडं बघायचं.

आज नऊ महिन्यांचा एक मुलगा. आई सांगत होती, "रातभर पोट उडालंय बगा मॅडम." नवीनं शर्ट वर करून मोजायला घेतलं. अर्ध्या मिनिटात २९ झाले, दुप्पट केले, ५८ सांगितले. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद, तेव्हा न्यूमोनिया. हिशोब बरोबर होता. मॅडम म्हणाल्या, "बाळ रडतंय, नवीन माणूस बघून घाबरलंय. अंगावर घेऊ दे. शांत झालं की परत मोज, पूर्ण एक मिनिट." तान्ह्या मुलांचा श्वास सारखा चालत नाही. मध्ये भरभर, मध्ये संथ, क्षणभर थांबतोसुद्धा. म्हणून अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालत नाही. दहा मिनिटांनी मोजले, ४६ आले. छाती आत ओढली जात नव्हती, दूध नीट पीत होता. नाक चोंदलं होतं, एवढंच. घरी गेला, दोन दिवसांनी दाखवायला सांगून.

त्यानंतरचं बाळ सात आठवड्यांचं. झोपलेलं, शांत. आई म्हणाली, कालपासून अंगावर घेत नाही. मोजले तर ६४. दोन महिन्यांखाली मर्यादा ६०, आणि ६० किंवा जास्त आले की पुन्हा मोजायचं. पुन्हा ६६. श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत जात होता. रडत नाही म्हणून आजी समाधानात होत्या. हे बाळ सरळ वॉर्डात गेलं.

परतीच्या गाडीत नवी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रडणारं बरं होतं आणि गप्प होतं ते आजारी." हेच एका वर्गात शंभरदा सांगून झालं असेल. आयएमएनसीआयचं, म्हणजे नवजात आणि लहान मुलांच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाचं, आठ दिवसांचं प्रशिक्षण मी दोनदा बघितलं आहे, एकदा शिकताना, एकदा मदतनीस म्हणून. चांगलं आहे. तक्ते स्पष्ट, व्हिडिओ नेमके. पण व्हिडिओतलं बाळ मोजून होईपर्यंत तसंच राहतं. आपल्या ओट्यावर रांग वाढलेली असते, सासू घाई करत असते आणि बाळ हातपाय झाडत असतं. त्या गर्दीत पूर्ण एक मिनिट घड्याळावर नजर ठेवून थांबायचं, ही सवय कुणीतरी शेजारी उभं राहून लावावी लागते.

माझी वही मॅडमनी आजही मागितली. मी पुढं पाठवलेल्या प्रत्येक बाळाची त्यात ओळ आहे. तारीख, वय, वजन, मला काय वाटलं, पाठवण्यापूर्वी काय दिलं. उजवीकडचा रकाना रिकामा सोडते, तिथं प्रत्यक्षात काय निघालं ते. तो रकाना फक्त अशा गुरुवारी भरतो. बाकीच्या उपकेंद्रांत तो कायम रिकामा असतो. चिठ्ठी आईबरोबर जाते, वॉर्डात नवा केसपेपर होतो आणि घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड पिशवीत जातं. पाठवणारीला कळतं ते एवढंच, की बाळ घरी आलं किंवा आलं नाही. आपला अंदाज बरोबर होता का, हे तिला वर्षानुवर्षं कुणी सांगत नाही. असं काम करून अनुभव वाढतो असं मी मानत नाही, नुसती वर्षं वाढतात.

मंगळवार, ९ जुलै

गृहभेटीत एका घरी आजी नातवाला तापाचं औषध पाजायच्या तयारीत. चमच्यात ओतलेलं. बाटली हातात घेतली तर ड्रॉप्सची. कपाटात तेच औषध सिरपमध्येही होतं. "दोनी बाटल्यांवर नाव येकच हाय की," आजी म्हणाल्या. खरंच एकच आहे. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलीत १२५, म्हणजे एका मिलीत २५. चौपट फरक. पाच मिलीचा चमचाभर ड्रॉप्स म्हणजे मोठ्या माणसाची ५०० ची गोळी, आणि बाळ सहा किलोचं. किलोला १५ च्या हिशोबानं त्याला ९० मिलिग्रॅम पुरतं. चमचा मोरीत ओतला, ड्रॉपर शोधून काढला, त्यावर पेननं खूण करून दिली. सुनेला आणि आजींना दोघींनाही करून दाखवायला लावलं.

नवीला संध्याकाळी फोन करून सांगितलं. वजन केल्याशिवाय औषधाचं नाव काढायचं नाही, आणि बाटलीवरचं नाव वाचून थांबायचं नाही, मिलीत किती ते वाचायचं. मुलांच्या कामातला हा भाग कोरडा वाटतो, पण लहान मुलांची परिचर्या मोठ्यांपेक्षा वेगळी पडते ती इथं. मोठ्यांना एक गोळी ठरलेली असते. मुलांचं प्रत्येक वेळी नव्यानं गणित.

रविवार, १४ जुलै

माझी वर्गमैत्रीण अमेरिकेत असते, तिच्याशी दोन तास बोलणं झालं. ती आता लहान मुलांची नर्स प्रॅक्टिशनर आहे. मुलं तपासते, निदान करते, औषध लिहिते. तिची पदव्युत्तर पदवी झाली, परवाना मिळाला, आणि त्यानंतर तिनं एका बालरुग्णालयात वर्षभराची फेलोशिप केली. तिथं नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांच्यासाठी असं पदवीनंतरचं वर्ष ठेवलेलं असतं. सक्ती नाही. पगारही त्या वर्षात कमी मिळाला. मी विचारलं, परवाना हातात असताना मग कशासाठी? ती म्हणाली, "पहिले काही महिने मी तपासलेलं एकही मूल वरिष्ठांशी बोलल्याशिवाय घरी गेलं नाही. नंतर हळूहळू त्यांनी हात सोडला. नवीन असं फार थोडं शिकवलं त्यांनी. माझे अंदाज मात्र रोज तपासले."

ती माझ्या उजव्या रकान्याबद्दलच बोलत होती.

या पेशाची सुरुवात तिथं लहान मुलांपासून झाली हे मला आवडतं. १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी अमेरिकेतला नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्ड ग्रामीण भागात फिरणाऱ्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका, सिल्व्हर बालरोगतज्ज्ञ. खेड्यापाड्यांत डॉक्टर पोचत नव्हते आणि परिचारिका आधीच तिथं होत्या. मग त्यांनाच बाळ पूर्ण तपासायला का शिकवू नये, एवढा साधा विचार. विरोध डॉक्टरांकडून झाला तसा परिचर्येतल्या प्राध्यापकांकडूनही झाला. फोर्ड बाईंनी वयाची शंभरी ओलांडली. त्याच १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेल्या जवानांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा वर्ग काढला. १९६७ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. आपल्याकडं तो अभ्यासक्रम १९९२ मध्ये मद्रासला डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकारानं हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात सुरू झाला. २०२१ च्या कायद्यानं त्या पेशाला केंद्रीय यादीत जागा मिळाली.

परिचारिकांसाठीही वाटा आहेत. भारतीय नर्सिंग परिषदेचा अतिदक्षतेतला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे, प्रसूतीसाठी १८ महिन्यांचा आहे. नवजात शिशूंच्या परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, बालआरोग्यात एम.एस्सी. आहे. मला या सगळ्यांबद्दल आदर आहे. पण या वाटा बहुतेक मोठ्या रुग्णालयात जाऊन थांबतात. उपकेंद्रात रुजू झालेली मुलगी दोन वर्षं गाव सोडून जाऊ शकत नाही, आणि तिनं जाऊही नये. गाव तिच्याविना राहतं. तिच्यासाठी शिक्षणाला नोकरीच्या आत यावं लागेल.

शुक्रवार, १९ जुलै

परवा आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी आले. गावात एकीकडं विठ्ठलाचं भजन, दुसरीकडं पंजे. दोन्हीकडं तीच माणसं. अंगावर पाजणाऱ्या दोन आयांनी कडक उपास धरला होता, त्यांच्या घरी जाऊन बसले. एकीनं ऐकलं.

आज कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात गेलो. आमच्या गावातलं एक बाळ नवजात शिशू विभागात आहे, दिवस भरायच्या आधी झालेलं, १४५० ग्रॅमचं. नवीलाही नेलं. इन्चार्ज सिस्टरनी आम्हाला हात धुवायला लावले, ते नीट धुतले नाहीत म्हणून परत लावले, आणि मग आत घेतलं.

तिथं त्यांनी एक गोष्ट केली. नवीचा हात धरून हाताची पालथी बाजू बाळाच्या पोटावर ठेवली, मग तळपायावर. "पोट गरम, पाय गार. म्हणजे बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार लागले तर उशीर झालाय. थर्मामीटर मिळेपर्यंत हा हात आहे." मग बाळ आईच्या उघड्या छातीवर दिलं, वर टोपी, मोजे, आईचा पदर. थोड्या वेळानं पुन्हा हात लावायला सांगितला. पाय कोमट झाले होते. नवीच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी कुठल्याही प्रशिक्षणात कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही. कांगारू पद्धत तिनं परीक्षेत चार गुणांना लिहिली असेल. आज तिच्या हाताला कळली.

या विभागात काम करणाऱ्यांसाठी चार दिवस वर्ग आणि मग दोन आठवडे प्रत्यक्ष नवजात कक्षात राहून बघणं, असं प्रशिक्षण आहे. ते दोन आठवडे म्हणजे खरं सोनं. आमच्यासारख्या उपकेंद्रवाल्यांना ते मिळायला हवं, कारण हीच बाळं महिन्याभरात आमच्याकडं घरी येतात. नमुना नोंदणीचे २०२० चे आकडे सांगतात की महाराष्ट्रात हजार जन्मांमागं १६ बाळं वर्षाच्या आत जातात आणि त्यातली ११ पहिल्या २८ दिवसांत. पहिला महिना सांभाळला तर बरंच काही सांभाळलं. त्या महिन्यात बाळ असतं कुठं? घरी, आमच्या हद्दीत.

बाहेर पडताना नवीला सांगितलं की आनंदीबाई जोशींची नेमणूक याच रुग्णालयाच्या स्त्री विभागावर झाली होती. तेव्हाचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, साल १८८६. तिचं स्वतःचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं, ती चौदा वर्षांची असताना. त्यानंतर ती अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली. परत आली ती क्षय घेऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यातच गेली. कोल्हापूरच्या वॉर्डात ती रुजू झालीच नाही. नवीला हे माहीत नव्हतं. नर्सिंगच्या पुस्तकात हे असायला हवं असं मला नेहमी वाटतं.

शुक्रवार, २६ जुलै

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीवरून पुढं. वारणाही पात्राबाहेर. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली सगळ्यांना आठवते, त्यामुळं निलेवाडी, खोचीकडच्या लोकांनी जनावरं आधीच हलवायला घेतली. आमच्याही नदीकाठच्या गल्लीतली घरं शाळेत आली.

शाळेच्या वर्गात मी आणि दोन आशाताई. पहिलं काम, यादीत एक वर्षाखालची बाळं कुठल्या वर्गात आहेत ते बघणं. दुसरं, ओआरएस करायला उकळून गार केलेलं पाणी. संध्याकाळी नवीचा फोन आला, तिच्याही गावात तीच गडबड. पाच आठवड्यांचं बाळ, पाजताना दमतंय. मी विचारलं, "काय ठरवलंस ते आधी सांग." तिनं मोजून सांगितलं: श्वास ६८, दुसऱ्यांदा ६६, छाती आत जातेय, बोटाचं मशीन ८९ दाखवतंय. "पुढं पाठवतेय. पहिला डोस आमच्या डॉक्टरांना विचारून दिलाय. आईच्या छातीशी धरायला लावलंय. थोडं थोडं दूध काढून पाजलंय, वाटेत साखर उतरायला नको म्हणून." रस्ता? "खालचा बंद आहे. १०८ वाल्यांना वरच्या रस्त्यानं यायला सांगितलं. वॉर्डात फोन करून ठेवलाय."

मला सांगण्यासारखं काहीच उरलं नाही. पाठवणं म्हणजे हात झटकणं अशी आपल्याकडं समजूत आहे. नीट पाठवलेल्या बाळाचे निम्मे उपचार वाटेतच झालेले असतात.

गुरुवार, १ ऑगस्ट

पाणी उतरतंय. आजपासून स्तनपान सप्ताह. एसटी अजून नीट सुरू नाहीत म्हणून इचलकरंजी नाही. रुग्णालयात फोन केला. ते पाच आठवड्यांचं बाळ सुधारतंय, ऑक्सिजन काढला. लगेच नवीला कळवलं.

रात्री गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाबद्दल पुन्हा वाचलं. माझ्या मनात जे घोळतंय ते तिथं कधीच करून झालं आहे. न्यूमोनियाचं त्यांचं काम १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. ज्यांना चाळीस-पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं अशा बायांसाठी त्यांनी एक साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपेपर्यंत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. मग नवजात बाळांचं काम, ३९ गावांत, गावातल्याच आरोग्यदूत स्त्रियांकडून. १९९९ च्या त्यांच्या लेखात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं आहे. या बाया बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देत होत्या, तेव्हा केवढा गहजब झाला असेल. देशभरच्या आशांच्या गृहभेटी त्या कामातूनच आल्या: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा, आणि बाळंतपण घरी झालं तर पहिलाही.

लोक या गोष्टीतून एवढंच उचलतात की थोडं शिकवलं तरी बाया करू शकतात. मी वेगळं उचलते. तिथं पर्यवेक्षक पुन्हा पुन्हा गावात येऊन त्यांचं काम तपासत होते, प्रत्येक मृत्यूची चौकशी होत होती. जामखेडलाही तेच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावोगावच्या आरोग्यसेविका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, आपापल्या गावात त्या आठवड्यात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या, त्यावरच शिकायच्या. शिक्षण संपलं असं तिथं कधी जाहीर झालंच नाही. आपण सरकारी योजनेत किट घेतली, तक्ते घेतले, भेटींचे दिवस घेतले. ते आठवड्याचं बसणं मात्र घेतलं नाही, कारण ते खर्चाच्या कुठल्या शीर्षात बसत नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. तीनदा खोडून लिहिला, कारण तो मागण्यांसारखा वाटायला नको आणि विनंतीसारखाही नको. मुद्दे थोडे आहेत. नवीन समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला पहिल्या वर्षात चार आठवडे मुलांच्या वॉर्डात आणि नवजात विभागात उभं राहू द्यावं, सलग नाही, तुकड्यातुकड्यानं, म्हणजे उपकेंद्र बंद पडणार नाही. तिथं तिनं आधी स्वतःचा निर्णय सांगावा, मग वरिष्ठांनी तपासावं. ई-संजीवनीच्या ऑनलाइन सल्ल्यात रोज वेगळे डॉक्टर भेटतात, त्याचा उपयोग आहेच, पण मुलांसाठी एक ओळखीचा बालरोगतज्ज्ञ ठरवून द्यावा, ज्याला तिचा आवाज ओळखता येईल. आणि पाठवणीच्या चिठ्ठीला खाली फाडता येईल असा एक भाग असावा. वॉर्डानं त्यावर दोन ओळी लिहून आशाताईबरोबर परत पाठवाव्यात: काय निघालं, पुढच्या वेळी काय बघावं.

खर्च कागदाचा. बालरोगतज्ज्ञांच्या वेळेचा मात्र मोठा, हे मी अर्जात स्पष्ट लिहिलं. ओपीडीत दीडशे मुलं असताना शेजारी उभ्या परिचारिकेला "कशावरून?" विचारायला थांबणं ही लहान गोष्ट नाही. त्या वेळेची शासनानं कामात गणना करावी. आज हे सगळं मॅडमच्या चांगुलपणावर चाललं आहे, आणि त्यांची बदली झाली की थांबेल.

आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वाचून सही केली. म्हणाले, "चार आठवडे मिळतील की नाही सांगता येत नाही. चिठ्ठीचा खालचा भाग आपण आपल्या केंद्रापुरता उद्यापासून सुरू करू." झेरॉक्स काढून आणल्या.

गुरुवार, २२ ऑगस्ट

इचलकरंजीला गेलो. नवीनं स्वतःची वही केली आहे, माझ्यासारखेच रकाने, पण एक जास्तीचा आखला आहे, 'किती वाजता' असा. वॉर्डात बाळ पोचायला किती वेळ लागला ते तिला बघायचं आहे. मला हे सुचलं नव्हतं. माझ्याही वहीत आखून घेतला.

फाडून परत आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक तिची. तीन वर्षांचा मुलगा, श्वास ४८, तिचा अंदाज न्यूमोनिया. एक ते पाच वर्षांत मर्यादा ४०, तेव्हा शंका योग्यच. मॅडमनी खाली लिहिलं होतं: 'वाफेचं औषध दिल्यावर श्वास ३२. दम्याचा त्रास, घरात आधी कुणाला आहे. पुढच्या वेळी श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो का ते कान लावून ऐकणे, आणि याआधी असं झालं होतं का विचारणे.' नवीनं ते वहीत उतरवून घेतलं आणि मॅडमना विचारलं, उपकेंद्रात नेब्युलायझर आहे, तर आधी वाफ देऊन पुन्हा मोजलं तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण मूल निळं पडत नसेल, पाणी पीत असेल तरच, आणि आपल्या डॉक्टरांना फोन लावून. मग त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं आणि नेहमीप्रमाणे आमच्याकडं बघितलं.